दीनार, दाम आणि लिलाव : रोमन रौप्यमुद्रांच्या संग्रहासंबंधी काही विचार

१

काही महिन्यांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास एक चांदीचे नाणे दाखविले. नाणे रोमन सम्राट टायबेरियस (इ. स. १४ ते ३७) याचे होते. एका बाजूस सम्राटाचे उजवीकडे पाहणारे मुख, दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्रीमूर्ती आणि तिच्या दोहों बाजूंस 'पोन्तिफ माक्सिम' ही, म्हणजे सम्राट हा मुख्य धर्माधिकारी असल्याची, रोमन अक्षरे. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. हे नाणे त्याने नाण्यांच्या एका लिलावात बोली लावून घेतले होते. सोबतच्या छापील चिठ्ठीवर लॉटचा क्रमांक, सम्राटाचे नाव, टांकसाळ, वजन, नाण्याची स्थिती आणि अंदाजित किंमत एवढा मजकूर होता. विद्यार्थ्याचा आनंद मोठा होता. "सर, हे नाणे दोन हजार वर्षांपूर्वी गलबतातून भरुकच्छला उतरले असेल आणि तेथून पैठण, तेर असे करीत आपल्या बाजूला आले असेल," असे तो म्हणाला.

असेलही. परंतु चिठ्ठीवर एक गोष्ट नव्हती. नाणे कोठे सापडले याविषयी तीत अक्षरही नव्हते. टायबेरियसच्या या प्रकारच्या मुद्रा युरोपात मोठ्या संख्येने सापडलेल्या आहेत आणि जगभरच्या बाजारात त्या सदैव विक्रीस असतात. बायबलातील कराच्या नाण्याचा प्रसंग या मुद्रेशी जोडला जात असल्यामुळे तिला मागणीही विशेष असते. तेव्हा हे विशिष्ट नाणे पहिल्या शतकात मोसमी वाऱ्याबरोबर आले, की गेल्या दशकात टपालाने आले, हे ठरविण्याचे कोणतेही साधन आमच्या हाती नव्हते. नाणे अस्सल होते, त्याची किंमतही वाजवी असावी. तरी भारताच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल जवळजवळ शून्य होते.

या प्रसंगावरून जे विचार सुचले ते येथे मांडले आहेत. लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र, नाणकशास्त्र नव्हे. परंतु शब्द आणि नाणे या दोहोंचाही हस्तांतराने प्रवास होतो, दोहोंचीही झीज होते आणि दोहोंवरही नवे ठसे उमटतात. त्यामुळे एकाच्या अभ्यासाची शिस्त दुसऱ्यास कितपत लागू पडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

प्रथम नाण्याचा परिचय करून घेऊ. 'देनारियुस' ही रोमन रौप्यमुद्रा इ. स. पू. २११ च्या सुमारास प्रचारात आली. 'दहा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिला हे नाव मिळाले, कारण आरंभी ती 'आस' या दहा ताम्रमुद्रांबरोबर समजली जाई. पुढे हे प्रमाण सोळावर गेले. नाव मात्र दहाचेच राहिले. चार 'सेस्टर्स' म्हणजे एक देनारियुस आणि पंचवीस देनारियुस म्हणजे एक सुवर्णमुद्रा, असे पहिल्या शतकातील कोष्टक होते.

भारतात सापडलेल्या देनारियुसांत दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. एक ऑगस्टसचा : त्याच्या मागील बाजूस त्याचे दत्तक पुत्र गायस आणि लूसियस ढाली व भाले घेऊन उभे असतात. दुसरा वर वर्णिलेला टायबेरियसचा. दोन्हींचा संबंध लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियों, येथील टांकसाळीशी जोडला जातो. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ले येथे सापडलेल्या दीड हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात या दोन सम्राटांच्या मुद्रांचाच भरणा आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांनी त्याचे सविस्तर वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले.

नंतरच्या सम्राटांच्या रौप्यमुद्रा येथे तुलनेने विरळ का, याचे एक कारण धातूत आहे. सम्राट नीरो याने इ. स. ६४ च्या सुमारास एका रोमन पौंडात चौऱ्याऐंशीऐवजी शहाण्णव देनारियुस पाडण्यास आरंभ केला आणि चांदीचा कसही उतरविला. परदेशी व्यापारी नाणे स्वीकारतो ते राजाच्या मुखाकडे पाहून नव्हे, तर धातूकडे पाहून. जर्मन टोळ्याही जुनी, ओळखीची रोमन नाणीच पसंत करीत, अशी नोंद टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास केली आहे. दख्खनच्या सराफाची दृष्टी याहून निराळी असण्याचे कारण नव्हते.

३

या नाण्यांची महाराष्ट्राकडे येण्याची वाट 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेल्या, पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तान्तात स्पष्ट दिली आहे. बारिगाझा म्हणजे भडोच बंदरात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी यांबरोबर सोन्याची व चांदीची देनारियुस नाणीही उतरत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदल केल्यास काही नफा राही, असे हा अज्ञात लेखक सांगतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून सामान्य कापड व मलमलीचे विविध प्रकार गाड्यांतून भडोचला येत. रोमन लेखक प्लिनी तक्रारीच्या सुरात लिहितो की, भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. वरील कोष्टकाप्रमाणे हे सव्वा कोटी देनारियुस होतात. हा आकडा हिशेबनिसाचा नसून नीतिवाद्याचा आहे हे मान्य केले, तरी व्यापार मोठा होता याबद्दल शंका राहत नाही.

मग येथे एक प्रश्न उभा राहतो. रोमन नाण्यांच्या भारतीय नकाशावर कोइमतूरच्या परिसरात आणि कृष्णेच्या खोऱ्यात ठिपक्यांची दाटी आहे. भडोचची पिछाडी असलेल्या महाराष्ट्रात मात्र ते तुरळक आहेत आणि विदर्भाच्या जागी बहुतांशी कोरा कागद आहे. तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडतात. त्या गळ्यात घालण्यासाठी केलेल्या असाव्यात. म्हणजे नाण्याचे रूप येथील लोकांच्या चांगल्या परिचयाचे होते. मूळ नाणी कोठे गेली?

सर्वांत पटणारे उत्तर असे की, ती मुशीत गेली. पश्चिम भारतात त्या वेळी क्षहरात क्षत्रपांचे राज्य होते. 'पेरिप्लस'मध्ये उल्लेखिलेला या भागाचा राजा म्हणजे नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाची स्वतःची रौप्यमुद्रा सुमारे दोन ग्रॅम वजनाची आहे. परदेशी नाणे वितळवून त्याच चांदीची आपली नाणी पाडणे, हा राज्यकर्त्याच्या दृष्टीने सरळ व्यवहार होय. दक्षिणेत चांदीची अशी स्थानिक मुद्रा प्रबळ नव्हती, म्हणून तेथे देनारियुस जसाच्या तसा साठविला गेला, असे मत अभ्यासकांनी मांडलेले आहे.

नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख येथे साह्यास येतो. त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार काहापणांच्या ठेवीची आणि त्यांवरील व्याजाची नोंद आहे. शिवाय सत्तर हजार काहापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस काहापण, असा हिशेब दिला आहे. हा काहापण म्हणजे नहपानाची दोन ग्रॅमची रौप्यमुद्रा आणि सुवर्ण म्हणजे सुमारे आठ ग्रॅमची सुवर्णमुद्रा, असे धरल्यास येथे एका भार सोन्यास सुमारे नऊ भार चांदी पडत होती. रोममध्ये पंचवीस देनारियुसांना एक सुवर्णमुद्रा मिळे. तेथील प्रमाण सुमारे साडेबारा भार होते. हे समीकरण ग्राह्य मानले तर चांदी रोमपेक्षा येथे महाग होती आणि 'पेरिप्लस'मधील नफ्याचा उल्लेख सहज उलगडतो. मुशीत गेलेल्या नाण्यांची साक्ष अशी एका दानलेखाच्या हिशेबात शिल्लक राहिली आहे.

४

नाणी वितळली, पण त्यांची नावे वितळली नाहीत. 'देनारियुस' हा शब्द संस्कृतात 'दीनार' या रूपाने आला. त्यातील दीर्घ ई लक्षात घेण्याजोगा आहे. लॅटिन शब्दात त्या जागी 'ए' आहे. ग्रीक भाषेत तो शब्द 'ईटा' या अक्षराने लिहीत आणि त्या अक्षराचा उच्चार या काळात 'ई'कडे झुकत चालला होता. तेव्हा शब्द आपल्याकडे आला तो रोमन अधिकाऱ्याच्या तोंडून नव्हे, तर ग्रीक बोलणाऱ्या खलाशी-व्यापाऱ्यांच्या तोंडून, असा निष्कर्ष केवळ एका स्वरावरून काढता येतो.

अर्थातही पालट झाला. मूळ नाणे चांदीचे. संस्कृतातील 'दीनार' मात्र मुख्यतः सोन्याचे नाणे. सांची येथील चंद्रगुप्त द्वितीयाच्या काळातील लेखात (गुप्त संवत् ९३, इ. स. ४१२-१३) पंचवीस दीनारांचे दान नोंदले आहे, ते सुवर्णाचेच समजावयाचे. रोमन सुवर्णमुद्रेलाही 'सोन्याचा देनारियुस' असे म्हणत, त्यामुळे ही अर्थच्युती होण्यास वाट मोकळी होती. नागार्जुनकोंडा येथील इक्ष्वाकूंच्या काळच्या लेखात 'दीनारि-माषक' असा संयुक्त शब्द येतो : परदेशी मुद्रेचे नाव आणि देशी वजनाचे नाव एकाच समासात गुंफले गेले.

आता मराठीकडे येऊ. ग्रीक 'द्राख्मे' या नाण्याच्या नावापासून संस्कृतात 'द्रम्म' झाला, प्राकृतात 'दम्म' आणि मराठीत 'दाम'. कर्म-कम्म-काम आणि चर्म-चम्म-चाम या मालिकांप्रमाणेच येथेही जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला आहे. 'दाम' हा शब्द म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला, वारशाने मिळालेला शब्द ठरतो. 'दिनार'चे तसे नाही. तो वारशाने आला असता तर स्वरांमधील 'न'चा 'ण' झाला असता. 'पानीय'चे 'पाणी' झाले, तसे. प्राकृतात 'दीणार' हे रूप आढळतेही. पण मराठीत आपण दंत्य 'न'च उच्चारतो, कारण हा शब्द मध्यंतरी लुप्त होऊन अरबी-फारसीच्या वाटेने पुन्हा आला. अरबी 'दीनार' हाही मूळचा तोच रोमन शब्द. म्हणजे एकच शब्द आपल्या दारी दोनदा आला आणि तो दुसऱ्या खेपेचा आहे हे त्याचा एक वर्ण सांगतो.

ज्या मार्गाने हे नाणे आमच्या विद्यार्थ्याकडे आले त्या व्यवहाराची नावेही अशीच प्रवासी आहेत. 'लिलाव' पोर्तुगीज 'लेलांव' पासून आला. आपल्या विदर्भात अजूनही कानी पडणारा 'हर्रास' हा अरबी वळणाचा. एक समुद्रावरून आला, दुसरा खुष्कीने.

येथे शब्द आणि नाणे यांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. शब्दाच्या अंगावर त्याच्या प्रवासाची खूण असते. ध्वनिनियमांच्या साह्याने तो वारशाचा की उसना, पहिल्या खेपेचा की दुसऱ्या, हे सांगता येते. नाण्याच्या धातूवर अशी खूण क्वचितच असते. भडोचला उतरलेला टायबेरियस आणि फ्रान्समधील शेतात निघालेला टायबेरियस एकाच साच्याचे असू शकतात. शब्दाच्या बाबतीत जे काम ध्वनिनियम करतो, ते नाण्याच्या बाबतीत सापडण्याची जागा करते. ती हरवली की नाण्याची व्युत्पत्तीच हरवते.

५

धातूवर काही खुणा असतात तेव्हाही लिलावाचा बाजार त्यांना दोष मानतो. लिलावात नाण्याची किंमत ठरते ती स्थितीवरून : मुख स्पष्ट, अक्षरे पूर्ण, कड अभंग, पृष्ठभाग निष्कलंक. जे नाणे टांकसाळीतून निघाले तसे राहिले, म्हणजे ज्याच्या आयुष्यात काहीच घडले नाही, ते सर्वांत महाग. इतिहासाच्या अभ्यासकाचे माप नेमके उलट असते. तीन उदाहरणे पुरेत.

पहिले उदाहरण छिन्नीच्या घावाचे. पुदुकोट्टई संस्थानात १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णमुद्रांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेकींवर सम्राटाच्या मुखावर मुद्दाम केलेला घाव आहे. नाणे चलनातून काढून त्याला केवळ सोन्याचा तुकडा ठरविण्याची ही खूण असावी, असे एक मत. धातूची परीक्षा म्हणून छिन्नी मारली, असे दुसरे. मत कोणतेही ग्राह्य धरा. नाण्याने भारतात प्रवेश केला आणि भारतीय हाताने त्यावर आपला निर्णय नोंदविला, एवढे तो घाव निश्चित सांगतो. लिलावाच्या यादीत मात्र तो 'घाव असलेले' म्हणून कमी दराने जातो.

दुसरे उदाहरण छिद्राचे. भारतात मिळालेल्या अनेक रोमन सुवर्णमुद्रांना भोके पाडलेली किंवा कडी लावलेली असते. जैन 'कल्पसूत्रा'त श्रीदेवीच्या वर्णनात दीनारांच्या माळेचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील वाचकास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आजी-पणजींच्या गळ्यातील पुतळ्यांच्या माळेतील 'पुतळी' हे नाव व्हेनिसच्या ड्युकॅट या सुवर्णमुद्रेवरील मनुष्याकृतींवरून पडले. ती मुद्रा १२८४ पासून पाडली जात होती आणि व्यापाराबरोबर येथे आली. इटलीचे नाणे समुद्र ओलांडून येते, त्यावरील मुखाचे नाव कोणास ठाऊक नसते, आणि तरी ते मांगल्याचे लेणे होते, ही प्रक्रिया येथे निदान दोनदा घडली. तिचा पुरावा म्हणजे ते भोक. संग्राहक त्यालाच नाण्याची सर्वांत मोठी हानी समजतो.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातील एका निर्णायक प्रसंगाचे आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू.

६

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३,२५० रौप्यमुद्रांचा साठा सापडला. सर्व नाणी मूळची नहपानाची. एका बाजूस रोमन धाटणीचे राजमुख आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन्ही लिप्यांत राजाचे नाव. ग्रीक अक्षरांतील मजकूर ग्रीक भाषेत नाही. तो प्राकृताचेच लिप्यंतर आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर हीच ग्रीक अक्षरे क्रमाक्रमाने बिघडत जाऊन केवळ नक्षी उरते. अर्थ न कळता नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या हातून पोथीचा पाठ जसा बिघडत जातो, तसाच हा प्रकार आहे.

जोगळटेंभीच्या नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर, म्हणजे सुमारे सत्तर टक्क्यांवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे : एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह आणि 'गौतमीपुत्र श्री सातकर्णी राजाचे' या अर्थाची प्राकृत अक्षरे. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, हे त्याची माता बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात सांगितलेले आहे. पण मातेची प्रशस्ती आणि शत्रूच्या नाण्यांवरील ठसा यांच्या पुराव्यात फरक आहे. पुनर्मुद्रांकित नाण्यांनी हे सिद्ध केले की, नहपानाच्या चलनावर अधिकार गाजविणारा त्याचा विजेता गौतमीपुत्रच होता.

ही साक्ष एकेका नाण्यातून मिळाली नसती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी साठ्याचा एकत्र अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हाच ही संख्या, हे प्रमाण, आणि एकाच राजाचे नाव धारण करणाऱ्या नाण्यांवरील मुखांत वयाचा व चेहरेपट्टीचा किती फरक आहे, या गोष्टी पुढे आल्या. हाच साठा शेतातून थेट शंभर ग्राहकांकडे गेला असता, तर आज आपल्याजवळ नहपानाची पुष्कळ सुरेख नाणी असती आणि त्याच्या अंताविषयीचा हा पुरावा नसता.

आमच्या यवतमाळला अधिक जवळचे उदाहरण तऱ्हाळ्याचे. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेल्या मंगरूळपीर तालुक्यातील या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी पोटीन या हलक्या मिश्रधातूची. चांदी नाही, सोने नाही, रूप अगदी सामान्य. लिलावात त्यांच्यासाठी कोणी चुरस केली नसती. परंतु महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साठ्याचा अभ्यास करून ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळींत न सापडणारी नावे निघाली. उत्तरकालीन सातवाहनांची सत्ता विदर्भात नांदत होती, याला या साठ्याने भक्कम आधार दिला. वऱ्हाडच्या इतिहासातील एक प्रकरण एका शेतातील काळपट नाण्यांनी लिहिले.

७

तेव्हा विदर्भाच्या नकाशावरील कोरी जागा कशी वाचावयाची? रोमन रौप्यमुद्रा येथवर आल्याच नाहीत, असा तिचा एक अर्थ. आल्या आणि वितळल्या, असा दुसरा. आल्या, अलीकडे सापडल्याही, पण नोंद न होता बाजारात गेल्या, असा तिसरा. पहिले दोन अर्थ इतिहासाचे आहेत. तिसरा आपल्या वर्तमानाचा आहे आणि तो जोपर्यंत संभवतो तोपर्यंत पहिल्या दोहोंपैकी एकही आपण निश्चयाने मांडू शकत नाही. लिलावाने होणारी खरी हानी ती हीच. एखादे नाणे कोणाच्या कपाटात गेले, यापेक्षा आपल्या मौनाच्या पुराव्यावरचा विश्वास गेला, हे अधिक गंभीर आहे.

याबाबत कायदा काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि चौकशीची तारीख किमान चार महिन्यांनंतरची असते. मूळ मालक निघाला नाही, तर अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. मात्र शासनाला तो निधी संपादन करावयाचा असल्यास धातूचे मोल आणि त्यावर एक पंचमांश एवढी रक्कम द्यावयाची असते. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९७२ चा पुरावस्तू आणि बहुमोल कलावस्तू अधिनियम १९७६ पासून अंमलात आला. त्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तींनी देशाबाहेर नेण्यास मनाई केली आणि अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना आवश्यक ठरविला.

आता यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. वखराच्या पाशीला मडके लागते. त्यात पन्नास देनारियुस आहेत. प्रत्येकी पावणेचार ग्रॅम, म्हणजे सर्व मिळून सुमारे एकशे सत्याऐंशी ग्रॅम चांदी. शासनाने निधी घेतल्यास त्या चांदीचा भाव आणि वर त्याचा पाचवा हिस्सा, तोही तहसिलीच्या फेऱ्या आणि महिनोन्‌महिन्यांची प्रतीक्षा यांनंतर. संग्राहक मात्र एकेका नाण्याला त्यातील चांदीच्या अनेक पट किंमत देतो. धातूची किंमत आणि नाण्याची किंमत यांतील ही दरी ज्या काळी कायदा झाला त्या काळी कदाचित डोळ्यांत भरत नसेल. आज ती कायद्याच्या हेतूच्याच आड येते. अशा परिस्थितीत त्या शेतकऱ्याने मौन पाळले, तर त्याला इतिहासद्रोही म्हणण्याचा अधिकार विद्यापीठात बसलेल्या आपणांस नाही. भरपाई नाण्याच्या ऐतिहासिक मोलास धरून दिली जावी, हे मागणे अधिक न्याय्य होय.

संग्राहकांवर सरसकट ठपका ठेवणेही योग्य होणार नाही. महाराष्ट्रातील नाणकशास्त्राचे मोठे ऋण त्यांच्याकडे आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० मध्ये स्थापन झाली, ती परमेश्वरीलाल गुप्त हे अभ्यासक आणि के. के. माहेश्वरी हे संग्राहक यांच्या सहकार्यातून. लिलावाच्या सचित्र याद्या या देखील साधन होऊ शकतात. नाण्याचे छायाचित्र, वजन, घाव, छिद्र, पुनर्मुद्रांकन यांची नोंद त्यांत राहते; पुढे एखाद्या साठ्यातील नाणी एकाच साच्याची असल्याचे दिसून आले, तर विखुरलेला साठा काही अंशी पुन्हा जुळविता येतो. परंतु हे फाटलेल्या पोथीची पाने पृष्ठांक नसताना लावण्यासारखे आहे. ज्या वाक्यातील तो शब्द होता, ते वाक्य परत येत नाही.

८

मग आपल्या विभागाने काय करावे? लेखकाच्या मते एक लहानसे, परंतु आपल्या शिस्तीत बसणारे काम आपण आजच सुरू करू शकतो. बोलींच्या पाहणीसाठी आपले विद्यार्थी पुसद, दारव्हा, वणी, केळापूर या बाजूच्या गावांत जातात. शब्द टिपताना आपण गाव, बोलणाऱ्याचे वय, जात-व्यवसाय आणि प्रसंग नोंदवितो. संदर्भाविना शब्द घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची वही आपण परत करतो. तीच शिस्त नाण्यास लावावी. गावात कोणाजवळ जुने नाणे असल्यास ते विकत घेऊ नये, मागू नये. मालकाच्या संमतीने त्याचे छायाचित्र, वजन, शेताचे नाव, कोणत्या कामात ते निघाले आणि त्याबरोबर आणखी काय निघाले, एवढे लिहून घ्यावे, आणि कायद्याने कळविणे आवश्यक असेल तर तसे कळविण्यास मालकाला अर्ज लिहून देऊन मदत करावी. गावचे सराफ, शेतांची जुनी नावे, गुप्तधनाच्या आख्यायिका, माळांमध्ये ओवलेली अनोळखी नाणी, ही सर्व आपल्या पाहणीच्या कक्षेतीलच सामग्री आहे.

हे सर्व ऐकल्यावर आमचा माजी विद्यार्थी काहीसा खिन्न झाला. आपण चूक केली काय, असे त्याने विचारले. चूक नव्हती, त्याने कायद्याने घेतलेल्या वस्तूवर प्रेम केले होते. आम्ही त्या नाण्याचे वजन करून, छायाचित्रे घेऊन विभागाच्या वहीत पहिली नोंद केली. लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक लिहिला. 'सापडण्याचे ठिकाण' या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. दुसऱ्या नोंदीपासून त्या रकान्यात गावाचे आणि शेताचे नाव यावे, एवढ्यासाठी हा लेख.